प्लास्टरचं इजिप्त

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसच्या वायव्येला, ग्वादलूपे नावाचं शेतीवर जगणारं छोटं गाव आहे. गाव संपलं की थेट समुद्रापर्यंत वाळूच्या टेकड्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये या वाळूतून पुरातत्त्वज्ञांनी एका स्फिंक्सचं डोकं बाहेर काढलं. आतून पोकळ, धक्का लागला तर भुगा होईल इतकं ठिसूळ. ब्रशनं वाळू बाजूला सारत, जागोजागी आधार देत ते उचललं गेलं. त्यावरचा रंग अजून टिकून होता. खऱ्या इजिप्तमधल्या मूर्तीची घेतात तशीच काळजी इथं घेतली जात होती. मूर्ती मात्र १९२३ सालची होती, प्लास्टर ऑफ पॅरिसची होती, आणि ती घडवून घेणारा माणूस होता सेसिल बी. डिमिल नावाचा सिनेदिग्दर्शक.

भव्य चित्रपट म्हटलं की हॉलिवूडमध्ये आजही पहिलं नाव त्याचंच निघतं. हजारोंचा जमाव, कोसळणारी देवळं, दुभंगणारा समुद्र, सिंहांच्या तोंडी दिलेले ख्रिस्ती, दुधात न्हाणाऱ्या राण्या हा सगळा त्याचा संसार. समीक्षकांनी आयुष्यभर त्याला एकच दूषण दिलं: सगळा दिखावा आहे, आत काही नाही. त्यात तथ्य होतं. पण त्याच्या दिखाव्याच्या वस्तूंचं पुढं जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच्या तबेल्याचं संग्रहालय झालं, त्याच्या प्लास्टरचे पुरावशेष झाले, आणि त्यानं ज्या दगडी शिळांच्या प्रसाराला हात दिला त्यांतल्या एका शिळेवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

घोड्यांशेजारचं ऑफिस

डिमिलचा जन्म १२ ऑगस्ट १८८१ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅशफील्डचा. वडील हेन्री नाटककार. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर नाव असलेल्या डेव्हिड बेलास्कोबरोबर त्यांनी नाटकं लिहिली. ते एपिस्कोपल चर्चमध्ये उपासनेच्या वेळी वाचनही करत आणि संध्याकाळी मुलांना बायबल वाचून दाखवत. रंगमंच आणि व्यासपीठ एकाच घरात नांदत होते. १८९३ मध्ये वडील गेले तेव्हा सेसिल अकरा वर्षांचा होता. आई बीट्रिस ज्यू घराण्यातली. तिनं मुलींची शाळा काढली, पुढं नाटकांचे हक्क विकण्याची एजन्सी चालवली आणि घर सावरलं. सेसिल नट झाला, नाटकं लिहिली, फिरत्या कंपन्यांतून हिंडला. तिशी उलटली तरी म्हणावं असं काही हाती लागलेलं नव्हतं.

१९१३ मध्ये जेसी लास्की, लास्कीचा हातमोज्यांचा व्यापार करणारा मेहुणा सॅम्युएल गोल्डफिश (पुढचा गोल्डविन) आणि डिमिल यांनी मिळून चित्रपट कंपनी काढली. पहिला चित्रपट ‘द स्क्वॉ मॅन’. पश्चिमेकडची कथा म्हणून डिमिल आगगाडीनं अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला पोचला. तिथलं काही पसंत पडेना, म्हणून तसाच पुढं लॉस एंजेलिसला गेला आणि हॉलिवूड नावाच्या उपनगरात एक तबेला भाड्यानं घेतला. भाडं महिना ७५ डॉलर. मालकाचे घोडे तिथंच राहणार, ही बोली. घोडागाडी धुतली की पाणी डिमिलच्या टेबलाखाली वाहत येई आणि तो कचऱ्याच्या टोपलीत पाय ठेवून बसे, असं तो पुढं रंगवून सांगायचा.

२९ डिसेंबर १९१३ ला चित्रण सुरू झालं. ऑस्कर अ‍ॅपफेल हा सहदिग्दर्शक जाणकार होता, डिमिल नवखा. चित्रपट पुरा झाला आणि पडद्यावर चित्रं उड्या मारायला लागली. पैसे वाचवायला फिल्मच्या कडेची भोकं पाडण्याचं जुनं यंत्र घेतलं होतं, त्याचं माप जुळत नव्हतं. फिलाडेल्फियाचा चित्रपट व्यावसायिक सिग्मंड लुबिन यानं ती पट्टी दुरुस्त करून दिली आणि कंपनी बुडता बुडता वाचली. हॉलिवूडमध्ये याआधीही छोटे चित्रपट झाले होते. पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा मान मात्र याला दिला जातो.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला होता. या दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं. ख्रिस्तावरचा एक विदेशी चित्रपट मुंबईच्या तंबूत पाहताना फाळक्यांना आपले राम-कृष्ण पडद्यावर दिसायला लागले होते. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोघांचीही कामं केली. अण्णा मूळचे हॉटेलातले आचारी. तरी पडद्यावर राम आला की लोक हात जोडत. पडद्यावरच्या देवापुढं प्रेक्षकांतला चिकित्सक गप्प बसतो आणि भाविक जागा होतो, ही गोष्ट नाशिकच्या माणसाला आधी कळली. डिमिलला ती कळायला आणखी दहा वर्षं लागली.

पाप दाखवा, मग शिक्षा द्या

मधल्या वर्षांत तो वेगळ्या गोष्टी करत होता, आणि त्यातल्या काही उत्तम होत्या. ‘द वॉरन्स ऑफ व्हर्जिनिया’मध्ये (१९१५) त्यानं चेहऱ्याची अर्धी बाजू अंधारात ठेवली. अर्धाच नट दिसतो तर वितरक अर्धेच पैसे देतील, अशी गोल्डफिशची तक्रार आली. डिमिलनं कळवलं की ही रेम्ब्रांटची प्रकाशयोजना आहे. मग वितरकांकडून जास्त पैसे मागायला कारणच मिळालं. गोष्ट डिमिलनंच सांगितलेली, तेव्हा थोडं मीठमसाला असणार. पण माणूस त्यात पुरता दिसतो. कलेची जाण होती, आणि ती कुठल्या भावानं विकायची हेही ठाऊक होतं.

पहिल्या महायुद्धानंतर त्यानं श्रीमंत नवराबायकोंच्या रुसव्याफुगव्यांचे चित्रपट काढले. ग्लोरिया स्वॉन्सन नायिका, उंची कपडे, आणि राजवाड्याला शोभतील अशी न्हाणीघरं. ‘मेल अँड फीमेल’मध्ये (१९१९) त्यानं तिच्या पाठीवर खराखुरा सिंह उभा केला. दोन तास मोह दाखवायचा आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याची किंमत वसूल करायची, हे सूत्र इथं पक्कं झालं. चर्चला जाणाऱ्या माणसालाही पाप पाहायचं असतं, फक्त ते पाहिल्याबद्दल अपराधी वाटायला नको असतं. ती सोय डिमिल एकाच तिकिटात करत असे.

याचं टोक म्हणजे १९३२ चा ‘द साइन ऑफ द क्रॉस’. विषय रोममधल्या ख्रिस्ती हुतात्म्यांचा. लोकांच्या लक्षात राहिली ती गाढविणीच्या दुधात न्हाणारी क्लॉडेट कोल्बेर. चित्रणाच्या दिव्यांखाली ते दूध नासून गेलं होतं. धर्मगुरू संतापले. १९३४ मध्ये कॅथलिकांची चित्रपटांविरुद्धची मोहीम उभी राहिली आणि हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली, त्यामागं ज्या चित्रपटांवरचा राग होता त्यांत हा एक होता. धर्माचा झेंडा खांद्यावर घेऊन निघालेल्या दिग्दर्शकामुळं धर्मसंस्थेनं कात्री हातात घेतली.

वाळूतलं शहर

१९२२ मध्ये डिमिलनं वर्तमानपत्रातून लोकांना विचारलं होतं: पुढचा चित्रपट कशावर काढू? उत्तम सूचनेला हजार डॉलर बक्षीस. मिशिगनमधल्या लान्सिंगच्या एका तेल-उत्पादकानं लिहिलं की दहा आज्ञांवर काढा. त्याचं म्हणणं असं की माणसाला त्या आज्ञा मोडता येत नाहीत, मोडतो तो माणूसच. हाच विषय आणखीही काही जणांनी सुचवला होता. डिमिलनं त्या सगळ्यांना पूर्ण बक्षीस दिलं.

‘द टेन कमांडमेंट्स’ची कथा जीनी मॅकफर्सननं लिहिली. पूर्वार्धात मोशे आणि फारो, उत्तरार्धात त्या काळचं सॅन फ्रान्सिस्को. दोन भाऊ, एक सुतार, दुसरा बांधकामाचा कंत्राटदार. कंत्राटदार चर्चच्या काँक्रीटमध्ये सिमेंट कमी घालतो, भिंत कोसळते आणि खाली त्याचीच आई सापडते. भेसळीच्या सिमेंटवर प्रवचन देणाऱ्या या चित्रपटासाठी ग्वादलूपेच्या वाळूत अख्खं शहर लाकूड, तारा आणि प्लास्टरमधून उभं राहत होतं!

नेपथ्य फ्रेंच रचनाकार पॉल इरीबचं. शंभर फुटांहून उंच वेशीची भिंत, रामसेसच्या चार प्रचंड मूर्ती, आणि वाटेच्या दुतर्फा एकवीस स्फिंक्स. मे १९२३ मध्ये सुमारे अडीच हजार माणसं तिथं तंबू ठोकून राहिली. शिवाय हजारो जनावरं. बायकापुरुषांचे तंबू वेगळे. दारूबंदीचा काळ होता. पुढं उत्खननात तिथं खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या मिळाल्या. त्या औषधात अल्कोहोल भरपूर असे, आणि वाळवंटात एवढा खोकला कुणाला झाला असेल हे वेगळं सांगायला नको. इस्राएली लोकांच्या भूमिकेसाठी लॉस एंजेलिसहून सनातनी ज्यू कुटुंबं आणली होती. पहिल्याच जेवणात त्यांच्या पानात डुकराचं मांस वाढलं गेलं. मग घाईघाईनं त्यांच्यासाठी वेगळ्या मुदपाकखान्याची सोय झाली. याच माणसांनी निर्गमनाच्या प्रसंगात आपापल्या हिब्रू प्रार्थना म्हटल्या. चित्रपट मूक होता, आवाज पडद्यापर्यंत जाणार नव्हता, तरीही.

तांबडा समुद्र दुभंगला तो जेलीच्या आधारावर. रॉय पॉमरॉयनं जिलेटीनचे मोठे ठोकळे मधोमध कापले, ते वितळून एकत्र येताना टिपले आणि पट्टी उलटी फिरवली. पाण्याच्या भिंती थरथरताना दिसतात त्या त्यामुळंच.

खर्च दहा लाख डॉलर ओलांडून पुढं गेला तेव्हा न्यूयॉर्कहून कंपनीप्रमुख अडॉल्फ झुकॉरच्या तारांवर तारा यायला लागल्या. वैतागून डिमिलनं चित्रपटाचे हक्क आपणच विकत घेतो असं सांगितलं. बँकर ए. पी. जियानिनी पैसे द्यायला तयार झाला. झुकॉरला त्याच्या माणसांनी सल्ला दिला की अजून डोळ्यांनी न पाहिलेली चीज विकून मोकळं होऊ नका. तो ऐकला हे कंपनीचं भाग्य, कारण चित्रपट धो धो चालला.

चित्रण उरकल्यावर शहर पाडून वाळूखाली गाडलं गेलं. जागा मोकळी करून द्यायची होती, आणि एवढा सांगाडा परत नेणं परवडणारं नव्हतं. स्पर्धक कंपन्यांच्या हाती तो आयता लागू नये हाही हेतू असल्याचं सांगतात. डिमिलनं आत्मचरित्रात थट्टा केली आहे: हजार वर्षांनी कुणी तिथं खणलं तर इजिप्तची संस्कृती पॅसिफिकपर्यंत पोचली होती असं घाईनं जाहीर करू नये. ही ओळ कळल्यावर पीटर ब्रॉस्नन नावाच्या तरुण चित्रपटकर्त्याला झपाटल्यासारखं झालं. १९८३ मध्ये त्यानं जागा शोधली आणि मग तीस-पस्तीस वर्षं पैसे आणि परवानग्यांसाठी झगडला. तिथं घरटी करणाऱ्या एका दुर्मीळ पाणपक्ष्याच्या विणीच्या हंगामात खणायला बंदी असते, तीही अडचण. आज वाळूतून निघालेले अवशेष ग्वादलूपेच्या ड्यून्स सेंटरमध्ये मांडलेले आहेत. हजार वर्षं थांबावं लागलं नाही, शंभरही नाही.

कर्णा, बूट आणि एक डॉलर

घोडेस्वाराचे बूट, हातात कर्णा, आणि मागं खुर्ची घेऊन चालणारा माणूस. डिमिल बसायला वाकला की मागं वळून पाहत नसे, खुर्ची आलेलीच असे. दिग्दर्शक म्हणजे सेनापती ही लोकांच्या मनातली प्रतिमा बव्हंशी त्यानंच तयार केली. १९५० च्या ‘सनसेट बूलेव्हार्ड’मध्ये बिली वाइल्डरनं त्याला स्वतःच्याच भूमिकेत उभं केलं. समोर होती ग्लोरिया स्वॉन्सन, विस्मृतीत गेलेल्या नटीच्या भूमिकेत. तिथला डिमिल मृदू आहे, जुन्या नायिकेला खरं सांगणं त्याच्या जिवावर येतं. सेटवर नटांना चारचौघांत सोलून काढणारा माणूस अभिनयात असा हळवा निघाला.

त्याचं साम्राज्य ज्यांच्यावर उभं होतं त्यांत स्त्रिया ठळक होत्या. मॅकफर्सन कथा लिहायची. अ‍ॅन बॉचन्स संकलन करायची. ती मुळात डिमिलच्या थोरल्या भावाची, विल्यमची सेक्रेटरी. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून १९५६ पर्यंत डिमिलचे चित्रपट तिच्याच टेबलावर कापले गेले. ‘नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलिस’साठी तिला ऑस्कर मिळालं. संकलनाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली स्त्री. खुद्द डिमिलला दिग्दर्शनाचं ऑस्कर कधीच मिळालं नाही. ‘द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ’ हा सर्कशीवरचा त्याचा चित्रपट १९५२ चा सर्वोत्तम ठरला, पण त्या वर्षीही दिग्दर्शनाचा मान जॉन फोर्डकडे गेला.

राजकारणात तो कडवा उजवा होता. १९३६ पासून ‘लक्स रेडिओ थिएटर’ हा लोकप्रिय नभोनाट्य कार्यक्रम तो सादर करत होता. त्यातून वर्षाला लाखभर डॉलर येत. १९४४ मध्ये कलावंतांच्या संघटनेनं एका कायद्याच्या प्रस्तावाविरुद्ध प्रचार करायला प्रत्येक सभासदाकडून एक डॉलर मागितला. डिमिल प्रस्तावाच्या बाजूचा. माझ्या मताविरुद्ध माझाच डॉलर खर्च होऊ देणार नाही, म्हणून तो अडून बसला. एका डॉलरपायी लाखभर डॉलरचं काम सोडलं आणि नभोवाणीला कायमचा मुकला. यात कुणालाही तत्त्वनिष्ठा दिसेल. पण पुढं कम्युनिस्टांच्या शोधाचे दिवस आले तेव्हा हाच माणूस दिग्दर्शकांच्या संघटनेत प्रत्येकाकडून निष्ठेची शपथ सक्तीनं घ्यायला निघाला. विरोध करणाऱ्या अध्यक्ष जोसेफ मँकिविच यांना पदावरून काढण्याचा घाट त्याच्या गटानं घातला. २२ ऑक्टोबर १९५० च्या रात्री बेव्हर्ली हिल्स हॉटेलात सभा भरली आणि कित्येक तास चालली. शेवटी जॉन फोर्ड उठला, डिमिलच्या चित्रपटांची थोरवी मान्य करून त्याच्या या वागण्याचा त्यानं समाचार घेतला आणि कार्यकारिणीच्या राजीनाम्याची मागणी केली. मँकिविच राहिले, डिमिलला पायउतार व्हावं लागलं. स्वतःच्या सद्सद्विवेकासाठी लढलेल्या माणसाला दुसऱ्याचा सद्सद्विवेक सोसला नाही.

आणि तरीही, डावा असल्याच्या संशयामुळं ज्याला मोठं काम मिळेनासं झालं होतं त्या एडवर्ड जी. रॉबिन्सनला पुढं एका चित्रपटात दाथानची भूमिका दिली ती डिमिलनंच. आपली कारकीर्द त्यामुळं सावरली, हे रॉबिन्सननं मोकळेपणानं मान्य केलं आहे.

दुसरा मोशे

तो चित्रपट म्हणजे पुन्हा ‘द टेन कमांडमेंट्स’. तेहतीस वर्षांनी तीच गोष्ट, तोच दिग्दर्शक. दोन्ही मोशे शेजारी ठेवले की मधली अमेरिका दिसते. १९२३ मध्ये शत्रू होता घरातला लोभी भाऊ. १९५६ मध्ये ती जागा फारोनं घेतली, आणि फारोच्या मागं हुकूमशाही उभी होती. चित्रपट सुरू होण्याआधी डिमिल स्वतः पडद्याआडून बाहेर येतो आणि प्रश्न मांडतो की माणसांवर ईश्वराच्या कायद्याचं राज्य असावं की एखाद्या हुकूमशहाच्या लहरीचं. शीतयुद्धातल्या प्रेक्षकाला रोख कुणावर ते कळत होतं. अखेरच्या दृश्यात चार्ल्टन हेस्टनचा मोशे हात उंचावून उभा राहतो तो न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेसारखा, आणि त्याच्या तोंडी वचन येतं ते फिलाडेल्फियाच्या लिबर्टी बेलवर कोरलेलं.

या खेपेला इजिप्त खरं होतं. १९५४ च्या शेवटी सीनाय पर्वतावर आणि कैरोजवळ बेनी युसूफ इथं चित्रण झालं. फारोचे रथ हाकायला इजिप्तच्या लष्करानं घोडेस्वार दिले. खऱ्या इजिप्तमध्येही वेस मात्र बांधावीच लागली, १०७ फूट उंच. एक दिवस त्र्याहत्तर वर्षांचा डिमिल शिडीनं तिच्या माथ्यावर चढला आणि त्याला हृदयविकाराचा झटका आला. मुलगी सेसिलियानं काम पुढं चालू ठेवलं. डॉक्टरांना न जुमानता काही दिवसांतच तो पुन्हा सेटवर आला. समुद्र या वेळी हॉलिवूडमध्ये दुभंगला. जेलीच्या जागी प्रचंड टाक्या आल्या, लाखो गॅलन पाणी सोडलं गेलं आणि पट्टी पुन्हा उलटीच फिरली. जॉन फुल्टनला त्याबद्दल ऑस्कर मिळालं.

तीन तास एकोणचाळीस मिनिटांच्या या चित्रपटाला सुमारे एक कोटी तीस लाख डॉलर लागले. तोवर कुठल्याही चित्रपटावर इतका पैसा ओतला गेला नव्हता. आज पाहताना संवाद जड वाटतात, अ‍ॅन बॅक्स्टरची नेफ्रेतिरी नाटकी वाटते. पण निर्गमनाची पहाट पाहावी. म्हातारे, गाढवं, कडेवरची पोरं, भांडी, निघायची घाई, आणि एवढ्या लोंढ्यात प्रत्येक चेहऱ्याला स्वतःचं काही काम दिलेलं. गर्दी गोळा करणारे दिग्दर्शक पुष्कळ झाले. गर्दीतल्या एकेका माणसाची दखल घेणारे थोडे. भपका म्हणून हिणवलं गेलं त्याच्या तळाशी ही मेहनत होती. डिमिलनं दिग्दर्शित केलेला हा शेवटचा चित्रपट. २१ जानेवारी १९५९ ला तो गेला.

दगडावरच्या आज्ञा

चित्रपटाच्या सुमाराला आणखी एक गोष्ट घडत होती. मिनेसोटाचे न्यायाधीश ई. जे. रूगमर ‘फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ ईगल्स’ या सेवाभावी संघटनेमार्फत दहा आज्ञांची छापील पत्रकं वाटत. वाट चुकलेल्या पोरांना वळण लागावं हा त्यांचा हेतू. ज्यू, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक तिघांना चालेल असा मजकूर त्यासाठी तयार झाला होता. डिमिलच्या कानावर हे गेलं. त्यानं संपर्क साधला आणि कागदाऐवजी ब्राँझचे फलक करावेत असं सुचवलं. रूगमर म्हणाले, ग्रॅनाइट. मग देशभर बागांतून, न्यायालयांच्या आवारांतून ग्रॅनाइटच्या शिळा उभ्या राहिल्या. मिलवॉकीच्या समारंभाला यूल ब्रिनर गेला, नॉर्थ डकोटातल्या डनसीथला हेस्टन. आज्ञांच्या अनावरणाला आधी पडद्यावरचा फारो, मग पडद्यावरचा मोशे! चित्रपटाची प्रसिद्धी आणि समाजकार्य यांतली रेघ डिमिलला कधी दिसली नाही, किंवा त्यानं ती पाहायचं टाळलं.

१९६१ मध्ये अशीच एक शिळा टेक्ससच्या विधानभवनाच्या आवारात बसवली गेली. सरकारी जागेत धर्माज्ञा का, म्हणून पुढं एका नागरिकानं दावा लावला. २७ जून २००५ ला सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती शिळा राहू दिली. त्याच दिवशी, तितक्याच मतांनी, केंटकीतल्या न्यायालयांच्या इमारतींत लावलेल्या आज्ञा मात्र घटनाबाह्य ठरवल्या. टेक्ससची शिळा चाळीस वर्षं कुणाला खटकली नाही, हे निर्णायक मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्रेयर यांना महत्त्वाचं वाटलं. २०२४ मध्ये लुईझियाना राज्यानं प्रत्येक सरकारी शाळेच्या वर्गात दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला, आणि त्यात सक्तीचा केलेला मजकूर घेतला तो याच शिळांवरचा. त्या कायद्यालाही लगेच न्यायालयात आव्हान मिळालं.

हॉलिवूडच्या तबेल्याला १९५६ मध्येच राज्यानं ऐतिहासिक वास्तू म्हणून मान दिला. आता तो हायलँड अ‍ॅव्हेन्यूवर संग्रहालय म्हणून उभा आहे. तिथल्या आणि ग्वादलूपेच्या वस्तू पाहून डिमिलकडं कौतुकानं हसता येतं, कारण त्या कुणाच्या आयुष्यात ढवळाढवळ करत नाहीत. शिळांचं तसं नाही. लोकांनी दहा आज्ञा पुस्तकात वाचल्या त्याहून जास्त पडद्यावर पाहिल्या, आणि पाहिलेल्या गोष्टीला दगडाचं वजन आलं की ती कुणी, कधी आणि कशासाठी उभी केली हे विचारायचं राहून जातं. डिमिल दिग्दर्शक म्हणून किती मोठा, हा वाद समीक्षकांनी केव्हाच मिटवून टाकला. त्याच्या दिखाव्याचं देणं मात्र अजून वर्गातली मुलं आणि न्यायाधीश फेडत आहेत, आणि तो हिशेब मिटलेला नाही.